पाण्यांतील कुस्ती



कुस्तीचें वर्णन आकाशवाणीवरून करणें फारसें अवघड नसतें. हलगीचा कडकडाट, शड्डूचा आवाज, मातींत अंग आदळल्याचा नाद आणि शेवटीं फडांतून उसळणारी आरोळी एवढें ऐकविलें, म्हणजे घरीं बसलेल्या श्रोत्याला अर्धी कुस्ती डोळ्यांपुढें दिसते. परंतु आज ज्या कुस्तीचा इतिहास मला सांगावयाचा आहे, तिच्यांत यांपैकीं एकही आवाज नाहीं. माती नाहीं, हलगी नाहीं, आणि लढणार्‍या दोघांना श्वास घेण्याचीही सोय नाहीं. ही कुस्ती पाण्याखालीं खेळतात.

कोणाला ही थट्टा वाटेल. पण खेळ खरा आहे, त्याला नियम आहेत, पंच आहेत, आणि आंतरराष्ट्रीय मान्यताही आहे. त्याचें रूढ नांव अ‍ॅक्वाथलॉन. (पोहणें आणि धांवणें यांच्या जोडशर्यतीलाही याच नांवानें ओळखतात, तिचा येथें संबंध नाहीं.) १९८० नंतरच्या दशकांत, त्या वेळच्या सोव्हिएट रशियांत, हा खेळ जन्मास आला. पोहण्याच्या तलावांत पांच मीटर लांब व तितकाच रुंद असा चौक ठरवितात. दोन गडी त्यांत उतरतात. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा, पायांत बदकाच्या पंजासारखे रबरी पंखे. प्रत्येकाच्या घोट्यावर एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याला फीत लावलेली असते. श्वास रोखून बुडी मारावयाची, एकमेकांशीं झोंबावयाचें, आणि प्रतिपक्षाच्या घोट्यावरची फीत काढून घ्यावयाची. ज्याच्या हातीं फीत, त्याची सरशी. फेरी तीस सेकंदांची. अशा तीन फेर्‍या. बरोबरी झाली तर चौथी.

यांत विशेष तें काय, असें विचारणार्‍याला मी माझ्या आजोळच्या विहिरीवर घेऊन जाणार आहें. कारण हा इतिहास रशियांतल्या तलावापासूनच सांगूं लागलें, तर त्यांतलें मर्म हातीं लागत नाहीं.

माझें आजोळ मिरजगांवचें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, कर्जत तालुक्याचें हें मोठें गांव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. मुलूख पर्जन्यछायेचा, पाऊस आला तर आला. अशा मुलखांत पाणी म्हणजे विहीर, आणि पोहणें म्हणजे विहिरींतलें पोहणें. कृष्णाकांठच्या मुलाला त्याची कल्पना येणार नाहीं. नदीला उतार असतो, वाळू असते, भ्यालें तर पाय टेकावयाला जागा असते. विहिरीला नुसती खोली. १९६५ च्या सुमारास, मी नऊ-दहा वर्षांचा असतांना, मामांच्या विहिरीवरची मोट बंद पडून तेथें तेलावरचें इंजिन आलें होतें. पण बैलांची धांव आणि दगडी थारोळें अजून शाबूत होतें. उन्हाळ्याच्या सुटींत पाठीला वाळका भोपळा बांधून आम्हांस पाण्यांत सोडीत. चार दिवसांनीं भोपळा सुटे. मग मुटका, मग सूर, मग बुडी, आणि सर्वांत शेवटीं तळ गांठून मूठभर गाळ वर आणून दाखविणें. गाळ दाखविला म्हणजे पोहणें आलें असें समजत.

शिकविणारे गांवांतलेच एक वृद्ध गृहस्थ होते. सारें गांव त्यांना अण्णा म्हणे. आमच्या नगरकडे जत्रेंतल्या कुस्त्यांच्या फडाला हगामा म्हणतात. अण्णांनीं तरुणपणीं पुष्कळ हगामे मारले होते, आणि त्यांचे मोडलेले कान त्याची साक्ष देत. त्यांचा नियम एकच. कांठावर हवा तो दंगा करा, वरून उड्या टाका, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवा. पण पाण्यांत कोणी कोणाचा पाय धरावयाचा नाहीं. ज्यानें पाय धरला, त्यानें पुन्हां विहिरीवर यावयाचें नाहीं.

एके दुपारीं अण्णा नव्हते. माझा मामेभाऊ, मजहून वर्षानें वडील, तळाशीं जाऊन वर येत होता. मीं खालून त्याचा घोटा धरला. मला वाटलें, तो लाथ झाडून सोडवून घेईल आणि वर जाऊन आम्ही दोघेही हसूं. त्यानें लाथ झाडली नाहीं. आधीं त्यानें वर हात पसरले, मग वांकून माझ्या केसांना हात घातला, आणि मग ते हात एकाएकीं सैल पडले. तेव्हां मीं सोडलें. इंजिनावरच्या गड्यानें उडी टाकून त्याला पायरीवर ओढून घेतलें. तो ओकला, रडला आणि वांचला. घरीं आम्ही दोघांनींही पाय घसरला असेंच सांगितलें. मामेभाऊ त्या उन्हाळ्यांत पुन्हां विहिरींत उतरला नाहीं. पुढें जन्मांत कधींही उतरला नाहीं.

या रशियन खेळाची माहिती पुष्कळ वर्षांनीं माझ्या वाचनांत आली, तेव्हां मी थबकलों तो याच घोट्यापाशीं. आमच्या विहिरींत जी एकच गोष्ट वर्ज्य होती, ती तिकडे खेळाचा गाभा होऊन बसली आहे. हें झालें कसें? जी गोष्ट केल्यानें जीव जावयाचा, तिचा खेळ कोणत्या युक्तीनें होतो? मला वाटतें, हा प्रश्न पाण्यांतल्या कुस्तीपुरता नाहीं. सगळ्याच कुस्तीचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

आपल्याकडे पाण्यांतल्या झोंबीची सर्वांत जुनी कथा महाभारतांत सांपडते. आदिपर्वांत भीमाच्या बालपणाचें वर्णन आहे. जलक्रीडेच्या वेळीं तो धृतराष्ट्राच्या दहा दहा मुलांना कवेंत घेऊन पाण्याखालीं बसून राही, आणि तीं अर्धमेलीं झालीं म्हणजे सोडून देई. भीमाच्या मनांत द्रोह नव्हता, पोरपणा होता, असें महाभारतकार मुद्दाम सांगतात. परंतु जो पाण्याखालीं असतो, त्याला वरच्याच्या मनांतला हेतु दिसत नाहीं. त्यानंतर लवकरच दुर्योधन भीमाला विष घालून, बांधून, गंगेंत लोटून देतो. कौरव-पांडवांच्या वैराचा आरंभ या जलक्रीडेंत आहे असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं. आणि त्या वैराचा शेवट पाहा. दुर्योधन डोहांत लपून बसतो. पण पांडव पाण्यांत शिरत नाहींत. त्याला बोलून बोलून बाहेर काढतात, आणि गदायुद्ध होतें तें कोरड्या जमिनीवर. पाण्यांत युद्धाचा न्याय होत नाहीं, हें त्यांना कळलें असावें.

जमिनीवरचें मल्लयुद्ध तरी त्या काळीं खेळ होतें असें नाहीं. भीम आणि जरासंध दिवसच्या दिवस झुंजले, आणि तें संपलें जरासंधाच्या मरणानें. तेथें हार आणि मरण हीं दोन नाहींत. पुढें बाराव्या शतकांत मात्र चित्र पालटलेलें दिसतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें मल्लांच्या कुस्त्यांचें एक प्रकरण आहे, आणि मल्लांचे वर्ग, आहार व सराव यांचा त्यांत विचार आहे. त्याच ग्रंथांत जलक्रीडेचेंही निराळें प्रकरण आहे. कुस्ती मल्लांनीं करावयाची आणि राजानें पाहावयाची. जलक्रीडा राजानें स्वतः करावयाची. दोन विनोद एका ग्रंथांत शेजारीं नांदले. पण ते एकत्र करावे असें आपल्याकडे कोणाला सुचलें नाहीं. सुचलें असतें तरी अण्णांसारख्या कोणीतरी तें मोडून काढलें असतें, अशी माझी खात्री आहे.

हार म्हणजे मरण, येथपासून हार म्हणजे पाठीला लागलेली माती, येथपर्यंत कुस्ती आली, ही तिच्या इतिहासांतली सर्वांत मोठी मजल होय. हगाम्यांतली कुस्ती आठवा. दोघे हौद्यांत उतरतात, सलामी देतात, मातीची चिमूट एकमेकांच्या अंगावर टाकतात. मग ढाक, घिस्सा, धोबीपछाड, कलाजंग, काय होईल तें होवो. एकाचे दोन्ही खांदे मातीला लागले कीं त्याच क्षणीं सर्व संपलें. चीत झालेला गडी उठतो, तेव्हां त्याच्या पाठीवर तांबडी माती असते. ती हजारों माणसांना दिसते. त्यावर वाद नको, पंचाचें भाषण नको. आणि मुख्य म्हणजे, ती झटकली कीं जाते. घरीं जाऊन स्नान केलें कीं हरलेला मनुष्य पुन्हां कोरा. एवढ्या स्वस्तांत पराभव पत्करतां यावा, याहून मोठी सोय मनुष्यानें फारशी शोधलेली नाहीं. छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान बांधविलें, तें कुस्ती दूरवर बसलेल्यासही स्पष्ट दिसावी अशा रचनेचें. १९१२ सालीं तें पुरें झालें. तेथें शेवटच्या रांगेंतला मनुष्यही ही खूण पाहूं शके.

पण ही खूण चुकविणाराही निघतो. १९१० च्या सप्टेंबरांत लंडन येथें आपला गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. गाम्याचा आवेश ओळखून झिबिस्को जो पोट जमिनीला लावून पडला, तो जवळजवळ अडीच तासांहून अधिक वेळ तसाच बहुतेक पडून राहिला. पाठ लागत नाहीं तोंवर हार नाहीं, हा नियम त्यानें अक्षरशः पाळला. कुस्ती बरोबरींत सुटली, आणि दुसर्‍या भेटीस तो आलाच नाहीं. पुढें १९२८ सालीं पतियाळा येथें दोघे पुन्हां भेटले, तेव्हां गाम्यानें एक मिनिटाच्या आंत त्याला आस्मान दाखविलें. लंडनच्या त्या कुस्तीवरून एवढें कळतें कीं, पराभवाची खूण एकच ठेविली आणि वेळेला मर्यादा नसली, तर लढाई होतच नाहीं. नुसतें पडून राहणें होतें.

म्हणून पाश्चात्य कुस्तींत गुण आले आणि घड्याळ आलें. हा बदल आमच्या मल्लांना सोपा गेला नाहीं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांची सवय मातीची, आणि समोर होती गादी. तरी त्यांनीं सहावें स्थान मिळविलें. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जमिनीचा स्पर्श बदलला, हार मोजण्याची रीत बदलली, तरी कुस्ती तीच राहिली, हें त्यांनीं करून दाखविलें. १९६१ सालीं सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरींत आज माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, ही तडजोड त्याच वळणाची आहे.

आतां गादीही काढून घ्या. पायांखालीं कांहींच ठेवूं नका. मग कुस्तीचें काय उरतें?

फार थोडें, असें प्रथम वाटतें. पाण्यांत शरीराचें वजन जवळजवळ नाहींसें होतें. तेव्हां अंगानें भारी असण्याचा मोठा फायदा गेला. ढाक मारावयाची तर मारणाराचा पाय रोंवलेला हवा; पाण्यांत पाय कशांत रोंवणार? प्रतिपक्षाला ढकललें तर जेवढा तो मागें जातो, तेवढेच आपणही मागें जातों. आणि पाठ तर लागणारच नाहीं, कारण लागावयाला कांहीं नाहीं. पाण्यांत पराभवाची नैसर्गिक खूण एकच, गुदमरणें. आणि ती पत्करली कीं आपण परत भीमाच्या जलक्रीडेवर जातों.

हा खेळ ज्यांनीं बसविला, त्यांची करामत येथें आहे. त्यांनीं एक कृत्रिम पाठ निर्माण केली, आणि ती घोट्यावर बांधली. फीत गेली म्हणजे पाठ लागली. आणि पाय धरण्याच्या मोहाला त्यांनीं असें वळण दिलें कीं, हात पायापर्यंत जावा, पण पायाला धरून राहण्यांत कांहीं लाभ नसावा. नुसत्या घोट्याला लोंबकळणारा मूर्ख ठरतो. तेवढ्यांत त्याच्याच पायाची फीत जाते. मातींतल्या कुस्तींत पकड जितकी घट्ट तितकी चांगली. येथें पकड म्हणजे केवळ मार्ग, मिळवावयाचें तें कापडाचा तुकडा. कोलांटी घेणें, वळणें, प्रतिपक्षाच्या पाठीमागें जाणें, आपला पाय दूर ठेवून त्याचा जवळ आणणें, असे डाव मग आपोआप पुढें आले.

दुसरी गोष्ट तीस सेकंदांची. हा आंकडा ऐकून पुष्कळांना हसूं येतें. विहिरींत आम्ही याहून अधिक वेळ बुडी मारून राहत असूं. परंतु स्वस्थ राहणें वेगळें आणि झुंजणें वेगळें. झुंजतांना प्राणवायु फार लवकर खर्च होतो. शिवाय एक गोष्ट पोहणार्‍या मुलांच्या आईबापांनींही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. श्वासाची तडफड होते ती मुख्यतः प्राणवायु कमी झाल्यानें नव्हे, तर रक्तांत कार्बन डायऑक्साइड वायु सांचल्यानें. बुडी मारण्यापूर्वीं कोणी भराभर दीर्घ श्वास घेतले, तर तो वायु आधींच निघून जातो, तडफड उशीरां होते, आणि तोंवर प्राणवायु संपून मनुष्य निमूटपणें बेशुद्ध होतो. बुडणारा मनुष्य हात वर करून आरोळ्या मारतो ही नाटकांतली समजूत आहे. माझ्या मामेभावाचे हात सैल पडले, तेव्हां कसलाही आवाज झाला नव्हता.

या खेळाला लागणारी सामग्री मात्र त्याच्या आधींच तयार होऊन बसली होती. पायांतल्या रबरी पंख्यांचें पेटंट लुई द कोर्लियू या फ्रेंच नाविक अधिकार्‍यानें १९३३ सालीं घेतलें. दुसर्‍या महायुद्धानंतर मुखवटा आणि पंखे बाजारांत आले, आणि पाण्याखालीं खेळ खेळण्याची एक लाटच युरोपांत उठली. १९५४ सालीं इंग्लंडांत तलावाच्या तळाशीं हॉकी खेळूं लागले. पुढच्या दशकांत जर्मनींत खार्‍या पाण्यानें भरलेला चेंडू घेऊन पाण्याखालचें रग्बी सुरू झालें. १९५९ सालीं मोनॅको येथें या सर्व जलांतर्गत खेळांचा जागतिक संघ स्थापन झाला, आणि सागरतळाचे प्रसिद्ध संशोधक झाक् कूस्तो त्याचे पहिले अध्यक्ष झाले. रशियांतली कुस्ती या मालिकेंतलें धाकटें भावंड. १९९३ सालीं ती प्रथम आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळली गेली. २००८ सालीं त्या जागतिक संघानें तिला मान्यता दिली. त्यापलीकडे तिचा प्रसार बेताचाच आहे, आणि त्याचें कारण मला स्पष्ट दिसतें. खासबागेंतल्या शेवटच्या रांगेला पाठीवरची माती दिसे; तलावाच्या कांठावर बसलेल्याला दिसतो तो फेंस. ज्या खेळाला बघ्यांची आरोळी मिळत नाहीं, तो खेळणार्‍यांच्याच हौशीवर जगतो.

२०२५ च्या मार्चमध्यें कर्जतला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. मिरजगांवच्याच तालुक्यांत असा योग आला म्हणून मी गेलों, आणि आजोळीं उतरलों. मामेभाऊ आतां सत्तरीपलीकडे आहे. मामांची विहीर उन्हाळ्यांत तळ दाखविते; शेतांत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलें शेततळें झालें आहे. त्या कागदावरून घसरलेलें मूल सहजासहजीं वर चढत नाहीं. तळ्याभोंवतीं त्यानें तारेचें कुंपण घातलें आहे, फाटकाला कुलूप आहे, आणि किल्ली तो स्वतःच्या कमरेला बाळगतो.

रात्रीं ओसरीवर कुस्त्यांच्याच गोष्टी निघाल्या. बोलतां बोलतां मीं त्याला या रशियन खेळाचें सांगितलें. घोट्याचा पट्टा, फीत, सगळें. तो लक्ष देऊन ऐकत होता.

“आन् फीत न्हाई निघाली तर?” त्यानें विचारलें.

“तीस सेकंद झाले कीं सोडावंच लागतं, दादा.”

“सोडत्यात?”

“सोडतात.”

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “तू मला किती येळ धरलं व्हतं रं?”

साठ वर्षांत त्यानें हें विचारलें नव्हतें. मीं सांगितलें, “मोजले नव्हते, दादा.”

“बरं,” तो म्हणाला, आणि आंत हांक मारून त्यानें चहा सांगितला.